प्रस्तावना : जोडीनं शिकवलेल्या दोन गोष्टी

महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागातलं पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. उत्क्रांती म्हटलं की डार्विन आणि डार्विन म्हटलं की नैसर्गिक निवड, अशी जी सांगड तिथं डोक्यात बसते ती बहुतेकांच्या डोक्यातून पुढं कधीच सुटत नाही. जीवशास्त्राची पदवी घेतलेली माणसंसुद्धा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. हे पुस्तक लिहायला घेतलं ते ही सांगड सोडवून पाहण्यासाठी, आणि सोडवल्यावर दोघांचं जे खरं नातं उरतं ते दाखवण्यासाठी.

उत्क्रांती म्हणजे सजीवांच्या एखाद्या समूहाची आनुवंशिक ठेवण पिढ्यांमागून पिढ्या बदलत जाणं. बदल इवलासा असेल, किंवा कोट्यवधी वर्षं साचत जाऊन त्यातून नव्या जाती उभ्या राहिल्या असतील, दोन्ही उत्क्रांतीच. काय घडलं, याचं ते नाव आहे. नैसर्गिक निवड हे त्या घडण्यामागच्या अनेक कारणांपैकी एक कारण. एकाच जातीचे जीव एकमेकांपासून थोडेफार वेगळे असतात. त्या वेगळेपणापायी काहींची जास्त पिल्लं जगतात, काहींची कमी. आणि तो वेगळेपणा पिल्लांत उतरणारा असेल, तर पुढच्या पिढीत त्याचं प्रमाण वाढतं. वेगळेपण हवं, त्याचा वंशवाढीवर परिणाम व्हायला हवा आणि ते वारशानं उतरायला हवं. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी निवडीतून उत्क्रांती होत नाही. उलट बाजूनं, निवडीचा काडीचाही संबंध नसताना उत्क्रांती होऊ शकते.

हे सगळं शब्दांचा काथ्याकूट वाटत असेल तर इतिहास पाहावा. नोव्हेंबर 1859 मध्ये चार्ल्स डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर आलं. त्या एका पुस्तकात दोन दावे होते. सगळे सजीव पूर्वीच्या सजीवांपासून बदलत बदलत आले आणि त्यांच्या वंशावळी मागं जाता जाता एकत्र मिळतात, हा पहिला. हा बदल मुख्यतः नैसर्गिक निवडीनं घडतो, हा दुसरा. पहिल्या दाव्याला आधीची परंपरा होती. लामार्कनं 1809 मध्येच सजीव बदलतात असं मांडलं होतं, कारण मात्र वेगळं दिलं होतं. दुसऱ्या कल्पनेपाशी आल्फ्रेड रसेल वॉलेस आपल्या वाटेनं येऊन पोचला होता, आणि 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं.

पहिला दावा दहा-पंधरा वर्षांत बहुतेक निसर्ग-अभ्यासकांनी मान्य केला. दुसऱ्याची मात्र पुढची पन्नास-साठ वर्षं परवड झाली. आईबापांचे गुण मुलांत मिसळून एकजीव होतात असा तेव्हाचा समज होता. 1867 मध्ये फ्लीमिंग जेन्किन या ब्रिटिश अभियंत्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. एखाद्यात नवा उपयोगी गुण आला आणि तो दर पिढीत निम्मा होत गेला, तर निवडीच्या हाती राहणार काय? डार्विनकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं. उत्तर छापून आधीच तयार होतं, ग्रेगोर मेंडेलच्या 1866 च्या वाटाण्यांवरच्या निबंधात. पण 1900 पर्यंत त्याची कुणी दखल घेतली नाही. या मधल्या काळाला ज्युलियन हक्स्लीनं पुढं ग्रहणाची उपमा दिली. तेव्हाच्या जीवशास्त्रज्ञांत उत्क्रांती मानणारे बहुसंख्य होते आणि नैसर्गिक निवडीत फार दम आहे असं मानणारे थोडे. रोनाल्ड फिशर, जे. बी. एस. हॉल्डेन आणि स्यूअल राइट या तिघांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत मेंडेलची आनुवंशिकता आणि डार्विनची निवड गणितानं एकत्र बांधली, तेव्हा कुठं हे ग्रहण सुटलं. त्यांपैकी हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथलंच नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

या साऱ्यातून एक गोष्ट ठळकपणे हाती येते. एवढी वर्षं कारणाविषयी वाद चालला, पण उत्क्रांती घडली की नाही याविषयी अभ्यासकांत शंका उरली नव्हती. कारण तिचे पुरावे निवडीवर अवलंबूनच नाहीत. देवमाशांचं घ्या. जमिनीवरच्या खुरांच्या प्राण्यांपासून देवमासे आले याचे कित्येक पुरावे आपल्याच उपखंडात मिळाले: पाकिस्तानात, कच्छमध्ये आणि जम्मू भागातल्या कालाकोटला. कालाकोटचा इंडोहायस हा साधारण मांजराएवढा, हरणासारख्या बांध्याचा प्राणी सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञानं गोळा करून ठेवलेल्या दगडांत त्याची हाडं होती. त्याच्या कानाच्या हाडाला एक विशिष्ट जाड कडा आहे, आणि ती देवमाशांच्या कुळाची ओळखखूण आहे. पायांची हाडंही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी भरीव. ही हाडं वाचायला नैसर्गिक निवड पटलेली असण्याची गरज नाही. वंश कुठून कुठं गेला हे ती आपली आपण सांगतात.

म्हणूनच, ‘अमुक बदल निवडीनं झालाच नाही असं आता शास्त्रज्ञ म्हणतात’ अशी बातमी वाचून ‘म्हणजे डार्विन खोटा ठरला, उत्क्रांती खोटी ठरली’ असं कुणी सभेत सांगू लागलं, तर ती फसगत आहे. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला आणि देशभरच्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्रक काढलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण भाग परत आणला तरी तो कसा शिकवला जातो हा प्रश्न उरतोच.

आता निवडीकडे वळू. ती चालू असताना कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का, असं विचारणाऱ्याला मी पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डाफ्ने मेजर या निर्जन बेटावर नेतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं 1973 पासून तिथं फिंच पक्ष्यांचा अभ्यास करू लागलं. बेट इतकं लहान की जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात खुणेची कडी घालता आली. प्रत्येकाची चोच मोजली, कोणाचं पिल्लू कोणतं याची नोंद ठेवली. 1977 मध्ये पाऊस पडायच्या दिवसांत नेहमी सुमारे 130 मिलिमीटर पडायचा, तिथं 24 मिलिमीटर पडला. गवताच्या आणि झुडपांच्या बारीक बिया पक्ष्यांनी पहिल्या काही महिन्यांत फस्त केल्या. उरली ती ट्रिब्युलसची काटेरी, टणक फळं. आपल्याकडचा सराटा किंवा गोखरू याच कुळातला, त्यामुळं अनवाणी चाललेल्या कुणालाही त्या फळाचा टणकपणा सांगायला नको. तिथल्या ‘मध्यम फिंच’ या जातीतल्या जाड चोचीच्या पक्ष्यांना ते फोडता यायचं, बारीक चोचीच्यांना नाही. वर्षाअखेर त्या जातीचे शंभरातले सुमारे 85 पक्षी नाहीसे झाले होते. वाचलेल्यांची सरासरी चोच दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर जाड होती.

इथं थांबून नीट पाहायला हवं, कारण या पुस्तकाचा सगळा जीव इथं आहे. 1977 च्या शेवटी जे घडलं होतं ती निवड होती. एकाही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. बारीक चोचीचे गेले, जाड चोचीचे राहिले, म्हणून सरासरी सरकली. उत्क्रांती अजून झाली नव्हती. चोचीची जाडी जर फक्त लहानपणीच्या खाण्यापिण्यावर ठरत असती, तर पुढची पिढी पुन्हा जुन्याच मापाची निपजली असती आणि एवढ्या मरणांचा मागमूसही उरला नसता. पण ग्रँट दांपत्याकडे आईबाप आणि पिल्लं दोघांची मापं होती, आणि चोचीची जाडी बऱ्याच अंशी वारशानं उतरते हे त्यांना माहीत होतं. 1978 मध्ये पाऊस आला, वाचलेल्यांनी घरटी केली, आणि नव्या पिल्लांच्या चोचीही दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा चार-पाच टक्के जाड निघाल्या. या क्षणी उत्क्रांती झाली. निवड एका पिढीच्या आत घडते. उत्क्रांती पुढच्या पिढीत दिसते. दोघींमधला पूल म्हणजे आनुवंशिकता. डार्विनला हा पूल सापडला नव्हता, म्हणूनच जेन्किनपुढं तो अडखळला.

गोष्ट तिथं संपली नाही. 1983 मध्ये एल निन्योमुळं बेटावर धो धो पाऊस झाला, वेलींनी बेट झाकून गेलं, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढच्या वर्षांत बारीक चोचीचे सरस ठरले. मग 2004 च्या सुमारास पुन्हा दुष्काळ. वाटेल की पुन्हा जाड चोचींची चलती होईल. झालं उलट. मधल्या काळात मोठ्या फिंचची जात बेटावर येऊन स्थिरावली होती. काटेरी फळांवर तिनंच ताव मारला, आणि मध्यम फिंचमधले जाड चोचीचे या वेळी उपाशी मेले. तीच जात, तसाच दुष्काळ, निकाल नेमका विरुद्ध. निवडीला ठरलेली दिशा नसते, ती कोणाला ‘प्रगत’ करत नाही, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. ‘बळी तो कान पिळी’ हा तिचा अर्थ लावणाऱ्यांनी 1977 आणि 2004 ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

निवडीशिवायची उत्क्रांती समजायला लोकांना जास्त जड जाते, कारण तिच्यात गोष्ट सांगण्यासारखं कारण नसतं. पोत्यात दोन रंगांचं धान्य मिसळलेलं असेल आणि पेरायला त्यातून एकच मूठ काढली, तर मुठीतलं प्रमाण पोत्यातल्यासारखं असेलच असं नाही. मूठ जितकी लहान तितका फरक मोठा. यालाच जनुकीय विचलन म्हणतात. मायक्रोनेशियातल्या पिंगेलॅप बेटावर 1775 च्या सुमारास मोठं वादळ आलं आणि त्यात आणि त्यानंतरच्या उपासमारीत जेमतेम वीस माणसं उरली. त्यांच्यातल्या कुणाकडे रंग अजिबात न दिसण्याच्या दोषाचं एक जनुक होतं. आज त्या बेटाच्या लोकांत 5 ते 10 टक्के जणांना हा दोष आहे. एरवी जगात तो हजारोंत एखाद्याला असतो. हे जनुक त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. ते वाढलं ते केवळ कोण वाचलं यावर. 1968 मध्ये जपानच्या मोतो किमुरांनी तर असं मांडलं की रेणूंच्या पातळीवर टिकून राहिलेले बहुतेक बदल उपयोगी नसतात आणि घातकही नसतात. ते योगायोगानं पसरलेले असतात. यावर कडाक्याचे वाद झाले आणि तपशिलाचे वाद अजून चालू आहेत, पण जनुकांच्या पातळीवर योगायोगाचा वाटा मोठा आहे हे आता कुणी नाकारत नाही. मग निवडीचं वेगळेपण कशात? योगायोग जनुकांचं प्रमाण बदलू शकतो, पण डोळा, पंख, सराटा फोडणारी चोच यांसारखी कामाला चपखल बसणारी रचना तो घडवत नाही. त्यासाठी आपल्याला ठाऊक असलेलं कारण एकच, नैसर्गिक निवड. उत्क्रांतीत तिचा मान एवढा मोठा आहे तो यामुळं.

याच्या उलट, निवड अव्याहत चालू आणि उत्क्रांती मात्र जागच्या जागी, असंही होतं. सिकलसेल हा आजार विदर्भात, नंदुरबारमध्ये, सातपुड्याच्या पट्ट्यात अनेक कुटुंबांना फार जवळून माहीत आहे. सिकलचं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर आजार होतो, वेदना होतात, रक्त कमी पडतं. एकाकडूनच आलं तर माणूस सहसा ठणठणीत असतो, आणि शिवाय जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. हे 1954 मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. हिवतापाच्या प्रदेशात निवड या जनुकाला एका हातानं काढत राहते आणि दुसऱ्या हातानं राखत राहते, त्यामुळं त्याचं प्रमाण एका पातळीवर तोलून राहतं. दर पिढीत मुलं दगावतात, म्हणजे निवड अगदी निर्दयपणे चालू आहे. बदल मात्र शून्य. ‘वाईट जनुक असेल तर निसर्गानं ते काढून टाकलं असतं’ या सोप्या वाक्यानं या कुटुंबांवर, विशेषतः लग्नं जुळवताना, फार अन्याय झाला आहे.

सगळ्यात मोठं प्रकरण मी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीला दिलं आहे. बोंडअळीला मारणारं विषारी प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली 2002 मध्ये. दोन विषारी प्रथिनं असलेलं पुढचं वाण 2006 मध्ये आलं. सुरुवातीची वर्षं फवारण्या वाचल्या. 2010 मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आल्याचं जाहीर झालं, मग दुसऱ्यालाही आला, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांनी बोंडं फोडून पाहिली तर आत अळी आणि कवडी झालेला कापूस. शेतात याला ‘अळीला सवय झाली’ असं म्हणतात. कुठल्याही अळीला सवय होत नाही. बीटीचं पान किंवा बोंड खाल्लेली अळी एक तर मरते, नाहीतर तिच्यात आधीपासूनच असलेल्या एखाद्या जनुकीय फरकामुळं वाचते. सवयीचं गणित मानलं तर उपाय राहतो तो एकच, दर वेळी आणखी जहाल औषध. निवडीचं गणित मानलं तर वाचलेल्या अळीचा पतंग कोणाशी जोडी जमवतो, हा प्रश्न पुढं येतो.

बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगर बीटी बियाण्याचं 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं ते याच प्रश्नाचं उत्तर होतं. शेताच्या कडेनं ते लावलं की तिथं साध्या, बीटीनं मरणाऱ्या अळ्या वाढणार. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जोड्या जमवणार. आणि प्रतिकाराचा गुण दोन्हीकडून आला तरच काम करत असल्यामुळं त्यांची पिल्लं बीटीवर पुन्हा मरणार. थोडं नुकसान मुद्दाम सोसून निवडीचा जोर मोडायचा, अशी ही युक्ती. बहुतेक पाकिटं बांधावर किंवा उकिरड्यावर गेली. शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. किडीला मुद्दाम खायला का घालायचं, हे त्याला समजावून सांगायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती नीट पार पाडली नाही. भर पडली ती लांब मुदतीच्या संकरित वाणांची आणि फरदडीची. हंगाम संपल्यावरही पाण्यावर राखलेल्या कापसात अळीला पिढ्यांवर पिढ्या काढायला मिळाल्या, आणि प्रत्येक पिढी म्हणजे निवडीची आणखी एक फेरी.

याच शेतातली हिरवी बोंडअळी पाहा. तिच्यासमोरही तेच बीटी होतं, पण ती तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. बीटी नसलेलं खाणं तिला आपसूकच मिळत होतं, साध्या पतंगांचा पुरवठा आटला नाही, आणि तिच्यात प्रतिकार गुलाबी अळीसारखा पसरला नाही. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ फक्त कापसावरच अवलंबून आहे. अमेरिकेत तिच्याविरुद्ध बीटी, बिगर बीटीच्या ओळी आणि निर्बीज केलेले पतंग सोडणं हे सगळं वापरलं, आणि 2018 मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. कीड एक, प्रथिन एक. फरक पडला तो एका ठिकाणी निवड कशी चालते हे ध्यानात घेऊन शेती झाली आणि दुसऱ्या ठिकाणी झाली नाही, याचा.

हे पुस्तक ओळीनं वाचायलाच हवं असं नाही. वर्गात शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: मुलांना उत्क्रांतीचे पुरावे आणि उत्क्रांतीची कारणं एकाच तासात उरकू नका. काय घडलं हे आधी दाखवा, हाडं आणि दगड दाखवून. कशामुळं घडलं हे दुसऱ्या दिवशी विचारा, आणि उत्तरात ‘निवड’ हा एकच शब्द आला तर दुसरं काय असू शकेल हेही विचारा. ज्यांच्या घरी कापूस होतो त्यांनी बोंडअळीचं प्रकरण आधी वाचावं, आणि या वर्षी फरदड न ठेवता डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं करावं.